बुबुसाराच्या कॅमेऱ्यासमोर

काराकोलच्या इस्पितळात एक्स-रेचं नवं यंत्र आलं आणि बुबुसाराचं काम संपलं. नव्या यंत्राला फिल्म लागत नव्हती. रोग्याला पाटीसमोर उभं करायचं, बटण दाबायचं, की डॉक्टरच्या टेबलावरच्या पडद्यावर बरगड्या हजर. बुबुसाराचं सगळं वय मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. लाल दिव्याखाली उभं राहून फिल्म चिमट्याला लावायची, औषधाच्या टाकीत सोडायची, धुवायची, दोरीवर टांगायची. गावातली निम्मी माणसं तिला चेहऱ्याआधी हाडांवरून कळायची. बाजारात कोणी पाय ओढत आलं की आधी मनात यायचं, हा डावा खुबा आपण धुतलेला आहे. नाव मागाहून आठवायचं.

निरोपाच्या दिवशी बरोबरच्या बायकांनी केक कापला, गालांचे पापे घेतले आणि कचऱ्यात जायचं सामान तिच्यासमोर आणून ठेवलं. लाल दिवा, पसरट ट्रे, चिमटे, औषधाची न फोडलेली पाकिटं. "एजे," मोठ्या बहिणीला हाक मारावी तसं एक जण म्हणाली, "हवं तर न्या. नाहीतर उद्या गाडी उचलून नेईल." बुबुसाराने ते सगळं टॅक्सीत घालून घरी आणलं आणि अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात रचून ठेवलं. कशासाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

घरात ती एकटीच. मुलगा एर्किन येकातेरिनबुर्गला इमारतींच्या कामावर होता. तिथेच लग्न, तिथेच मूल. नवरा मेलिस काराकोल-बिश्केक बस चालवायचा. एका हिवाळ्यात गाडी धुता धुता तो खाली बसला आणि उठलाच नाही. त्याच्या थडग्यावर बसवायच्या काळ्या दगडावर चेहरा कोरायचा म्हणून फोटो शोधायला घेतला, तेव्हा घरात एकही धड सापडला नाही. एर्किनच्या लग्नातले सगळे त्याच्या फोनमध्ये होते आणि तो फोन रशियात कुठल्या तरी ट्रामगाडीत राहिला होता. शेवटी पासपोर्टवरचा फोटो दिला. पासपोर्टवर माणूस कसा दिसतो? कोणीतरी ओरडलंय आणि तो मुकाट उभा आहे, असा. दगडावरही तोच उतरला. दर वेळी कबरस्तानात गेली की बुबुसारा त्या दगडासमोर उभी राहायची आणि एखाद्या परक्या पुरुषासमोर उभं राहावं तशी अवघडायची. मेलिसच्या डाव्या गालाला हसताना खळी पडायची. ती आता कुणाच्याच जवळ नव्हती.

रविवारी गुरांच्या बाजाराच्या कडेला म्हातारी माणसं जमिनीवर चादर अंथरून घरातलं जुनंपानं विकायला बसतात. नळ, कुलपं, समोवार, सैन्यातले बिल्ले, जोडी हरवलेले बूट. बुबुसारा तिथे किटलीचं झाकण बघायला गेली होती. झोया पावलोव्हनाच्या चादरीवर झाकण नव्हतं, पण चामड्याच्या खोळीत एक झोर्की कॅमेरा होता. झोया पावलोव्हना शाळेत भूगोल शिकवायची. उजव्या फुप्फुसावर तिच्या जुना डाग होता. तिचा नवरा शाळेतच मुलांना फोटो काढायला शिकवायचा. तो जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि आता ती मुलीकडे बार्नाउलला निघाली होती, कायमची.

बुबुसाराने कॅमेरा उचलून कानाशी धरला.

"कानाला काय लावतेस? घड्याळ आहे का ते?"

"आवाज बघते."

"बघ, बघ. माझ्या गुडघ्यांपेक्षा बरा आहे."

बुबुसाराने कळ दाबली. शेजारच्या खोलीत कोणी कपाटाचं दार हलकेच लावावं, तसा आवाज आला. तिने पुन्हा दाबून बघितली, पण काही झालं नाही.

"अगं, आधी ही गुंडी पूर्ण फिरवून घ्यायची," झोया पावलोव्हना म्हणाली. "आणि वेगाचा आकडा बदलायचा तो गुंडी फिरवल्यावरच. उलटं केलंस तर आतलं दातेरी चाक तुटेल, मग बस तो दाराला अडसर म्हणून लावून. माझ्या नवऱ्याने मला एवढं एकदा सांगितलं आणि पुन्हा कधी हात लावू दिला नाही."

"म्हणजे तुम्ही एकही फोटो काढला नाही?"

"मी नेहमी समोर उभी. थंडीत, वाऱ्यात, नाक गळतंय तरी. झोया, हनुवटी वर. झोया, डोळे उघड. अख्खा संसार हनुवटी वर करून काढला." तिने खोळीवरची धूळ शालीच्या टोकाने पुसली. "घेऊन जा. बॅगेत जागा नाही. हे फिल्मचे रोळही घे. मुदत संपलेली आहे. माझीही संपलीय, तरी चाललेच आहे ना."

त्या जुन्या रोळांवर बुबुसाराने आधी घरातल्याच वस्तूंचे फोटो काढले: खिडकीतली कुंडी, चुलीवरची किटली, दारातला बर्फ झाडायचा झाडू. मग उन्हाळी स्वयंपाकघराच्या खिडकीला रजई ठोकली, इस्पितळातून आणलेलं औषध कालवलं, अंधारातच फिल्म धुतली आणि मग लाल दिवा लावला. ओली फिल्म दिव्यासमोर धरली तेव्हा सगळं धुक्यातून आल्यासारखं होतं, पण होतं. किटलीची चोच होती. झाडूच्या काड्या होत्या. हाडांऐवजी किटली बघून तिला तिथल्या तिथे हसू आलं, आणि आपल्याच हसण्याचा आवाज त्या छोट्या खोलीत ऐकून ती जराशी दचकली.

मग तिला नाद लागला. शाळेच्या अडगळीत फोटो मोठे करायचं यंत्र पडून होतं, ते तिने मागून आणलं. एका रविवारी झेनिट नावाचा कॅमेरा मिळाला, एका रविवारी लहान मुलाच्या खेळण्यासारखा हलका स्मेना, आणि पुढच्या शरदात ल्युबितेल, ज्याच्यात डोळा लावायचा नसतो, वरून मान खाली घालून विहिरीत वाकल्यासारखं बघायचं असतं. कुणाचा आजोबा वारलेला असायचा, कुणाचं घर विकलेलं असायचं. नातवंडं कॅमेरे चादरीवर मांडायची आणि बुबुसारा येताना दिसली की म्हणायची, "ती बघा कॅमेरावाली एजे आली." ती एकेक उचलायची, कळ दाबून ऐकायची. घरी आणून काचा पुसायची, खोळी शिवायची. भिंतीवरच्या खिळ्यांना कॅमेरे लागले, एकाशेजारी एक, घरात पाहुणे आल्यावर खुंटीला टोप्या लागतात तसे. नवे रोळ बिश्केकहून यायचे. मेलिसच्या हाताखाली शिकलेला एक ड्रायव्हर आता प्रवासी व्हॅन चालवायचा, तो आणून द्यायचा.

एर्किनचा रविवारी फोन यायचा, तोंड दिसणारा. आईलाही आणि म्हाताऱ्या बायकांनाही आपाच म्हणायची रीत. "आपा, फोनवर काढ ना फोटो. त्या डबड्यांत काय आहे?"

"फोनवर काढलेला कुठे जातो?"

"कुठे जातो म्हणजे? फोनमध्येच असतो."

"आणि फोन?"

मग म्हणाला, "इकडे ये आपा. एकटी काय करतेस तिथे?"

"चूल कोण पेटवील?" ती म्हणाली. हेच ती दर वेळी म्हणायची.

माणसाचा पहिला फोटो तिने काढला तो समोरच्या कालिपाच्या सासूचा. आयिमकान आपा नव्वदीला टेकलेली, दिवसभर फाटकाजवळच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला कोणाचा कोण विचारायची. फोटो काढायचा म्हटल्यावर ती आत गेली आणि डोक्याला जुन्या बायका गुंडाळतात तो पांढराशुभ्र फेटा गुंडाळून आली. बाकावर बसली, हात मांडीवर ठेवले आणि कॅमेऱ्याकडे अशी बघू लागली की जणू त्यालाही विचारतेय, तू कोणाचा कोण.

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये तो चेहरा वर आला तेव्हा बुबुसारा आणखी खाली वाकली. आधी डोळे आले, मग सुरकुत्या, मग फेट्याची घडी. इस्पितळातल्या फिल्मवर कधी कोणी तिच्याकडे बघितलं नव्हतं.

आयिमकान आपा त्या पानगळीत गेली. अंगणात यूर्त, म्हणजे नमद्याचा गोल तंबू, उभारला, बायकांनी आत बसून विलाप गायले, आणि सगळं आटोपल्यावर कालिपाने तो फोटो शार्शेनला नेऊन दिला. शार्शेन थडग्यांच्या दगडांवर चेहरे कोरायचा. मेलिसचा दगडही त्यानेच केला होता. तो फोटो घेऊन तो स्वतः बुबुसाराकडे आला.

"एजे, हा तुम्ही काढलात?"

"का? वाईट आलाय?"

"वाईट कसला. लोक मला फोनवरचे फोटो आणून देतात. गाल म्हणजे पीठ मळलेलं, डोळे म्हणजे दोन मनुका. मी कोरू काय? इथे एकेक सुरकुती मोजून घ्या."

दगड बसला तेव्हा कबरस्तानात गर्दी थांबली. आयिमकान आपा दगडातून विचारत होती, तू कोणाचा कोण.

त्यानंतर माणसं येऊ लागली. आमच्या आईचा काढा, आमच्या आजोबांचा काढा. बुबुसारा जर्दाळूच्या झाडाखाली खुर्ची टाकायची आणि म्हाताऱ्यांना बसवायची. चहा व्हायचा, पिठाच्या गोळ्यांचे बूरसोक तळले जायचे, गप्पा व्हायच्या. त्या एका उन्हाळ्यात तिच्या अंगणात जेवढी माणसं आली तेवढी मेलिसच्या मागे कधी आली नव्हती. एक निवृत्त शिक्षक आले, एक दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, माळी आला, एक आजी तर आपल्या बहिणीशी भांडत भांडत आली की आधी कोणी बसायचं.

हिवाळा कडक निघाला. शिक्षक गेले. मग माळी गेला. भांडणाऱ्या दोघींपैकी जी आधी बसली होती ती गेली. म्हातारी माणसं, थंडीत जायचीच. पण तिन्ही दगडांवर बुबुसाराचेच फोटो होते, आणि कबरस्तानात शेजारी शेजारी उभे होते, एकाच झाडाखाली बसलेले. लोकांनी बघितलं आणि एकमेकांकडे बघितलं.

पुढचं कोणी सुरू केलं ते कळलं नाही. तिला तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, हीच तर अडचण होती. नाहीतर तिने उत्तर दिलं असतं. वसंतात एका बारशाच्या जेवणाला ती झोर्की घेऊन गेली. तिने कॅमेरा वर केला तशा बायकांनी शाली ओढल्या, कोणी भांडी उचलायला वळलं, बाळाच्या आईने बाळाला छातीशी धरून पाठ फिरवली.

"ते ठेव ना खाली, बाई," कालिपा हळूच म्हणाली. "जेव आधी."

"मी बाळाचा काढते. म्हाताऱ्यांचा नाही."

"हो गं. पण ठेव."

बुबुसाराने कॅमेरा पिशवीत घातला आणि जेवली. काय जेवली ते तिला आठवलं नाही. परतताना वाटेत शार्शेन भेटला. त्याला वाटलं, थट्टा केली तर ती हसेल. "एजे, आता आपण दोघं मिळून दुकानच टाकू. एका दारातून आत, दुसऱ्या दारातून दगड."

ती हसली. घरी येऊन तिने जर्दाळूखालची खुर्ची उचलून आत ठेवली.

ते वर्ष तिने माणसांशिवाय काढलं. बसने गावाजवळच्या सरोवराच्या काठाला जायची. जुन्या बंदरावर गंजक्या क्रेन उभ्या आहेत, तिथे फोटो काढायची. बर्फात उलट्या घातलेल्या होड्या, पॉपलरची नुसती खोडं, कुंपणावर विसरलेला हातमोजा. क्रेन तोंड फिरवत नव्हत्या. घरी येऊन धुवायची, सुकायला टांगायची, सुकले की काढून डब्यात ठेवायची. फोटो चांगले होते, तिला कळत होतं. दाखवायला मात्र कोणी नव्हतं. कधी कधी ट्रेमध्ये कागद सोडल्यावर, चेहरा येणार नाही हे माहीत असूनही, ती वाकून वाट बघायची. मग क्रेनचा हूक वर यायचा.

दुकानात पाव घ्यायला गेली की बायका बोलायच्या, भाव विचारायच्या, पायांची विचारपूस करायच्या. नजर मात्र तिच्या गळ्याकडे जायची, पट्टा आहे का ते बघायला. तिने बाहेर पडताना कॅमेरा कोटाच्या आत घालायला सुरुवात केली. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की आपण चोरासारख्या चालतोय.

पुढच्या वसंतात बर्फ वितळून गल्लीत चिखल झाला असताना ओमुराली अता फाटक ढकलून आत आला. हा घोड्यांचा डॉक्टर; बापाला म्हणावं तसं मानाने सगळे त्याला अता म्हणायचे. उंच, वाकलेला, डोक्यावर नमद्याची पांढरी उंच टोपी, कोटावर सगळी पदकं लावलेली, हातात काठी. बायको जाऊन खूप वर्षं झाली होती आणि मुलगी बिश्केकला होती. गल्लीच्या टोकाच्या घरात तो एकटाच राहायचा.

"पोरी, खुर्ची कुठे असते ती?"

"कसली खुर्ची, अता?"

"जिच्यावर बसवून तू माणसं सोडवतेस ती." काठी टेकून तो पायरीवर बसला. "मला सोडव. माझ्याबरोबरचे सगळे पुढे गेले. पत्ते खेळायलाही कोणी उरलं नाही. मी विचार केला, इतकी सोय गल्लीतच आहे आणि आपण उगाच ताटकळतोय."

बुबुसाराच्या हातात राखेची बादली होती. ती तिने खाली ठेवली.

"मी फोटो काढते," ती म्हणाली. "माणसं मारत नाही."

"लोक म्हणतात—"

"लोक मला काही म्हणत नाहीत. तुम्हीच पहिले म्हणालात." एवढं बोलून ती आत निघून गेली. चुलीपाशी उभी राहून तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वर्षभराचं साठलेलं होतं. थोड्या वेळाने बाहेर आली तर म्हातारा तिथेच बसलेला, पदकं काढून खिशात घालत होता.

"चहा तरी देशील का?" तो म्हणाला. "घोड्यांत आयुष्य गेलं माझं. माणसाशी बोलायचं राहूनच गेलं. घोडा रडत नाही, लाथ मारतो. मग कळतं चुकलं कुठे."

तिने दुधाचा चहा केला, जर्दाळूचा मुरंबा ठेवला. त्याने तीन पेले प्यायले आणि मुरंबा बोटाने पुसून खाल्ला.

"फोटो काढीन," बुबुसारा म्हणाली. "पण मरायला म्हणून नाही."

"बरं. नुसता काढ. पुढचं मी बघतो."

खुर्ची पुन्हा झाडाखाली आली. तिने ल्युबितेल तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, मान घालून आत बघितलं. काचेत म्हातारा डावा-उजवा उलटा दिसत होता आणि बोलत होता. आभाळ ढगाळ होतं, कमी उजेडात हललेला चेहरा पुसट येतो, म्हणून म्हाताऱ्याला हलू न देणं भाग होतं.

"अता, तोंड मिटा."

"मिटलंय." आणि पुन्हा बोलायला लागला, एका शिंगरूची गोष्ट, ज्याने त्याची अशीच टोपी खाल्ली होती.

पुढच्या आठवड्यात तो फोटो बघायला आला. हातात धरून लांब नेला, जवळ आणला. "हा कोण? वाऱ्याने उडालेला दिसतोय."

"तुम्ही बोलत होता."

"मग पुन्हा काढ. हा दगडावर लावला तर फरिश्ता मला ओळखायचाच नाही."

दुसऱ्या वेळी त्याचे डोळे मिटलेले आले. तिसऱ्या वेळी बुबुसारा रोळ पुढे सरकवायलाच विसरली, त्यामुळे ओमुरालीच्या पोटातून बंदरावरची क्रेन निघाली. ती शरमली, पण म्हाताऱ्याला तो फोटो इतका आवडला की त्याने तो खिशात घालून साऱ्या बाजाराला दाखवला. चौथ्यांदा तो न्हाव्याकडून इतके बारीक केस कापून आला की स्वतःच म्हणाला, आज नको, वाढू दे. असा सगळा उन्हाळा गेला. दर आठवड्याला काहीतरी कारण निघायचं. फोटो नसेल काढायचा तेव्हाही तो यायचा, मुरंबा खायचा, तिच्या भिंतीवरचा एखादा कॅमेरा उतरवून आपल्या जाड बोटांनी त्याची कळ दाबायचा आणि घोड्याची छाती ऐकावी तसा कान लावायचा. "हा दमेकरी आहे. हा ठणठणीत." बुबुसारा बंदरावरचे फोटो त्याला दाखवू लागली. तो एकेक नीट बघायचा आणि म्हणायचा, "इथे कोणी नाही." दुसऱ्या फोटोलाही तेच म्हणायचा. ते खरंच होतं.

गल्ली बघत होती. मशिदीच्या फाटकाशी पुरुष म्हणे पैजा लावत होते. सफरचंदं उतरायची वेळ झाली तरी ओमुराली अता जिवंत होता, उलट गालांवर थोडं मांस चढलं होतं.

"फसवलंस तू मला," तो बुबुसाराला म्हणाला. "शब्दाला जागली नाहीस."

"फोटो धड आलाय कुठे अजून?"

"ते खरं." त्याने विचार केला. "मग सावकाश काढ."

एका दिवशी ऊन चांगलं होतं, म्हातारा दमलेला होता आणि काही बोलत नव्हता. कशाकडे बघत होता कोण जाणे. कुंपणापलीकडे कोणीतरी घोडा चालवत नेत होतं, टापा ऐकू येत होत्या. त्याची मान तिकडे थोडी वळली होती. बुबुसाराने कळ दाबली. त्याला सांगितलंही नाही.

तो फोटो दाखवायच्या आधीच त्याची मुलगी बिश्केकहून आली. गुलसुन तिचं नाव. चांगली बाई, घाईतली. "अता, या हिवाळ्यात तुम्ही इथे एकटे राहणार नाही. झालं आता." घराला कुलूप लागलं, कोंबड्या वाटल्या गेल्या. निघायच्या दिवशी म्हातारा गाडीतून उतरून बुबुसाराच्या फाटकाशी आला. मुलगी मागे उभी राहून घड्याळ बघत होती.

"तुझा फोटो कोण काढतो, पोरी?"

"माझा कशाला?"

"आण तो हलका. खेळण्यातला."

तिने स्मेना आणून सगळं लावून त्याच्या हातात दिला आणि झाडाखाली उभी राहिली. हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. इतक्या जणांना तिने सांगितलं होतं आणि स्वतःला काही सांगता येईना. म्हाताऱ्याने एक डोळा मिटून स्मेना वर धरला. त्याने बराच वेळ लावला, मग कळ दाबली, कॅमेरा तिला परत दिला आणि गाडीत जाऊन बसला. त्या फोटोत पुढे झाड बरंचसं आलं, शिवाय तिचा एक खांदा आणि अर्धा कान.

थंडीत गुलसुनचा फोन आला. अता गेले होते. झोपेत, त्रास न होता. इकडे गावी नाही आणता आलं, घाट बर्फाने बंद होता. तिकडेच शहराबाहेर दफन केलं. आता दगड करायचाय, आणि त्यांच्या खिशात एक फोटो सापडला पण त्यात पोटातून काहीतरी लोखंडी निघालेलं आहे, तर दुसरा आहे का.

"आहे," बुबुसारा म्हणाली. "पाठवते."

दुपारी तिने रजई ठोकलेल्या खोलीत दिवा लावला. यंत्रात फिल्म ठेवली, कागदावर उजेड पाडला, कागद औषधात सोडला. आधी टोपीची कड आली. मग कान, मग गालाचं हाड, मग वळलेली मान. मग तो पूर्ण आला, घोड्याच्या टापा ऐकत असलेला. चिमटा हातात होता. ती उचलायचं विसरली. चेहरा गडद होत गेला, गालांत सावल्या भरल्या, टोपी राखेच्या रंगाची झाली, आणि तरी ती बघत राहिली. तिने कागद बाहेर काढला तेव्हा तो जवळजवळ काळा होता. आयुष्यभर तिच्या हातून एकही फिल्म अशी गेली नव्हती.

तिने हात धुतले, बाहेर पायरीवर जाऊन बसली. बर्फ पडत नव्हतं, नुसती थंडी होती. गल्लीच्या टोकाच्या घराच्या धुराड्यातून धूर येत नव्हता. पायाचे अंगठे दुखायला लागले तशी आत येऊन तिने दुसरा कागद घेतला. या वेळी मनात आकडे मोजले आणि वेळेवर उचलला. सुकल्यावर तो दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घालून बांधला आणि व्हॅनवाल्या ड्रायव्हरच्या हाती दिला.

बर्फ वितळल्यावर गुलसुनचा पुन्हा फोन आला. दगड बसला, छान झालाय, लोक थांबून बघतात. "अता काहीतरी ऐकतायत असं वाटतं," ती म्हणाली. "काय ऐकत होते ते?"

"रस्त्यावरून घोडा चालला होता."

"हो का," गुलसुन म्हणाली. उन्हाळ्यात या एकदा, दगड बघायला, असं ती म्हणाली. बुबुसारा हो म्हणाली. पुढे जाणं काही झालं नाही.

त्या दिवशी फोन ठेवून तिने झोर्कीत रोळ भरला. कोट घातला आणि कॅमेरा कोटावरून, सगळ्यांना दिसेल असा, गळ्यात अडकवला. समोर बाकावर सासूच्या जागी आता कालिपा बसायला लागली होती. गुडघे तिचेही गेले होते. बुबुसारा चिखल चुकवत रस्ता ओलांडून आली. कालिपाने तिच्या गळ्याकडे बघितलं, मग थोडी बाजूला सरकली.

"बस," ती म्हणाली. "पण माझा काढू नकोस."

"नाही काढत."

बाक उन्हाने थोडं तापलं होतं. दोघी बसल्या. रस्त्याने एक मुलगी सायकल ढकलत चालली होती. चाक पंक्चर होतं.

"ही कोणाची?" कालिपाने विचारलं.

बुबुसाराने बघितलं. तिलाही माहीत नव्हतं.